विसराचं खापर

साशंक : विसरत कोण नाही, ते आधी सांगा. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, किल्ली कुठल्या खिशात टाकली, रस्त्यात हात उंचावून हसलेल्या गृहस्थांचं नाव काय... घरोघरी रोज हेच चालतं. पण हेच ज्याला फिट येते त्याच्या हातून झालं की घरचे एकमेकांकडे बघतात. ‘त्याचं ते आहे ना, त्यामुळे.’ तेहतीस वर्षं मी हे ‘त्यामुळे’ ऐकतोय. एकोणिसाव्या वर्षी पहिली फिट आली, आज बावन्न वर्षांचा आहे. कॉलेजात मार्क कमी पडले, त्यामुळे. लग्न लांबलं, त्यामुळे. परवा भाचीच्या साखरपुड्याची तारीख चुकवली, तीही त्यामुळेच. अहो, मला साखरपुड्यांना जायचा मुळातच कंटाळा आहे, ही शक्यता कुणाला सुचतच नाही. म्हणून मिरगी आणि स्मरणशक्ती असा विषय निघाला की मी सावध होतो. एक दुखणं आहे तेवढं पुरे. त्याच्या डोक्यावर दुसरा हंडा कशाला चढवता?

आग्रही : हंडा मी चढवत नाहीये, तो शब्दातच आहे. अपस्मार. ‘अप’ म्हणजे दूर जाणं आणि ‘स्मार’ हा स्मृतीचाच भाऊबंद. चरकसंहितेत या रोगाची ओळख करून देताना स्मृती निघून जाणं हे आधी येतं; अंधारात शिरल्यासारखं होणं, वेड्यावाकड्या हालचाली हे त्याच्या मागून. दक्षिणेतल्या नटराजाच्या पायाखाली जो बुटका दडपलेला दिसतो, त्याचंही नाव अपस्मार. ज्यांनी हा आजार इतक्या जुन्या काळी पाहिला त्यांना तोंडाला आलेल्या फेसापेक्षा विसर मोठा वाटला. आपण उलटं केलं. फिट मोजतो, विसर मोजत नाही. माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. ओपीडीत दर तीन महिन्यांनी एकच प्रश्न : ‘मागच्या वेळेनंतर किती आल्या?’ एकही नाही म्हटलं की डॉक्टर खूश. गोळ्या त्याच, पुढची तारीख घ्या. तिला काय आठवत नाही, हे लिहायला त्या केसपेपरवर जागाच नसते.

साशंक : ताई, शब्दाची फोड हा काही पुरावा नव्हे. मलेरिया या शब्दाचा अर्थ खराब हवा. म्हणून तो हवेने होत नाही. आणि चरकाला अभिप्रेत असलेली स्मृती म्हणजे आपलं पाढे-कवितांचं पाठांतर, हे कशावरून? फिटच्या वेळी शुद्ध हरपते, भान जातं, एवढंच त्याला म्हणायचं असेल. ते मला मान्य आहे. माझ्याइतकं कुणालाच मान्य नसेल. मला चाळीसेक फिट्स आल्या असतील. त्यातली एकही मी पाहिलेली नाही. मला ठाऊक असतं ते आधीचं आणि नंतरचं. आधीचं म्हणजे, बँकेच्या रांगेत उभा आहे आणि पुढच्या बाईंच्या पिशवीतून मेथीची जुडी डोकावतेय. नंतरचं म्हणजे, पाठीला फरशी गार लागतेय, जिभेची कड ठणकतेय, नाकाशी कुणाची तरी चप्पल आणि वर आठ-दहा चेहरे. मधलं सगळं बँकेच्या वॉचमनने सांगितलेलं. तर तेवढा भाग आजाराचा, घ्या. पण त्याला विसर म्हणू नका. जे नोंदलंच गेलं नाही ते विसरणार कसं? कॅमेरा बंद होता म्हणून फोटो निघाला नाही, तर ‘फोटो हरवला’ असं कुणी म्हणतं का?

आग्रही : मग तुम्हाला एका डॉक्टरची हकिगत सांगते. जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन या इंग्रज मेंदूतज्ज्ञांनी ती १८८८ साली छापली. नाव दिलं नाही, नुसतं ‘झेड’. हा झेड स्वतः डॉक्टर आणि मिरगीचा रुग्णही. एकदा एका आजाऱ्याला तपासायला घेतलं आणि तेवढ्यात त्याला स्वतःच्या झटक्याची चाहूल लागली. बोलायची वेळ येऊ नये म्हणून त्याने तोंड फिरवलं. भानावर आला तेव्हा तो त्याच खोलीत लिहायच्या टेबलाशी बसला होता, आणि रुग्ण तिथे नव्हता. तासाभराने तो रुग्ण अंथरुणात दिसला, सोबत झेडनेच लिहिलेलं निदान : डाव्या फुप्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया. रुग्णाला अंथरुणावर पडून राहा असं सांगूनही झालं होतं. यातलं काही म्हणजे काहीच त्याला आठवेना. त्याने कुतूहलाने पुन्हा तपासलं. निदान बरोबर निघालं! आता सांगा, इथे कॅमेरा बंद होता का? कान ऐकत होते, हात लिहीत होता, वर्षानुवर्षांची वैद्यकी जागेवर होती. बंद होतं ते फक्त साठवून ठेवायचं काम. म्हणजे भान आणि आठवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मिरगीचा एक प्रकार असा आहे की तो पहिलीला सोडून दुसरीला धरतो.

साशंक : झेड मला आवडला. त्याची वैद्यकी तर फारच आवडली. पण तोही झटक्यातलाच. माझं भांडण दोन झटक्यांच्या मधल्या दिवसांबद्दल आहे. मला वर्षातून फार तर दोन-तीन फिट्स येतात. दोन मिनिटांच्या त्या गडबडीसाठी उरलेल्या तीनशे बासष्ट दिवसांच्या विसराचं खापर तुम्ही तिच्यावर कसं फोडता?

आग्रही : कारण ती उठते कुठून ते बघा. कानाच्या वर, कानशिलाच्या आत मेंदूचा जो भाग आहे, त्याच्या आतल्या कडेला हिप्पोकॅम्पस असतो. ग्रीक भाषेत समुद्रघोडा. तसाच वाकडा, दोन्ही बाजूंना एकेक. आज घडलेलं उद्यासाठी लावून ठेवायचं काम त्याच्याकडे. आणि मोठ्या माणसांत गोळ्यांना दाद न देणारी मिरगी बहुतेकदा याच परिसरातून निघते. आग लागते ती थेट दप्तरखान्यात. पुष्कळांच्या एमआरआयमध्ये तो भाग सुकलेला, घट्ट झालेला दिसतो. लहानपणी तापात लांबलेली फिट येऊन गेल्याचा इतिहासही अशांत वारंवार सापडतो. तुम्ही तीनशे बासष्ट दिवस म्हणता, पण या दिवसांत तिथे शांतता नसते. बाहेर काही दिसत नाही, हात हलत नाही, तरी ईईजीच्या कागदावर मधूनच टोकदार रेघा उमटतात. झोपेत तर जास्तच. आणि दिवसभराची आवराआवर मेंदू झोपेतच करतो. जमीन सारवून ठेवावी आणि वाळायच्या आत तिच्यावरून कुणीतरी चालून जावं, तसं.

आता हिप्पोकॅम्पसचं हे काम कळलं कसं म्हणाल, तर एका माणसाने किंमत मोजली म्हणून. अमेरिकेत हार्टफर्डला १९५३ साली विल्यम स्कोव्हिल नावाच्या सर्जनने हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाच्या मेंदूतला हा भाग दोन्ही बाजूंनी काढला. फिट्स कमी झाल्या, पण त्या दिवसापासून नवं काही टिकेना. डॉक्टर खोलीबाहेर जाऊन परत आले की पुन्हा नवी ओळख. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणीच्या दुहेरी रेघांमधून पेन्सिल फिरवायला लावली. तीन दिवसांत हात सफाईदार झाला, आणि हे आपण याआधी कधी केलंय याचा त्याला पत्ताच नव्हता. २००८ मध्ये, वयाच्या ८२व्या वर्षी तो वारला. तोवर पुस्तकांतून तो नुसता ‘एच. एम.’ होता.

साशंक : थांबा, थांबा. हा माणूस आजाराने विसरला नाही, सुरीने विसरला. मोलेसन माझ्या बाजूचा साक्षीदार आहे. शस्त्रक्रियेच्या आधी कितीतरी वर्षं त्याला फिट्स येत होत्या, आणि तरी तो शाळा पुरी करून कारखान्यात काम करत होता. फिट्सनी जे नेलं नाही ते ऑपरेशनने एका दिवसात नेलं. दर वेळी मिरगी आणि स्मृती म्हटलं की हाच एक माणूस पुढे केला जातो. लोक वाचतात, घाबरतात आणि माझ्या बायकोला विचारतात, ‘यांना तुमचं नाव आठवतं ना?’

आग्रही : बरं, मोलेसनला बाजूला ठेवते. माझ्या घरातलं सांगते. मुलगी नववीत होती. रविवारी रात्री भूगोलाचा एक धडा तिने पाठ केला. मी पुस्तक घेऊन समोर बसले, एकेक प्रश्न विचारला, सगळं घडाघडा. सोमवारीही बऱ्यापैकी आठवत होतं. त्याच्या पुढच्या सोमवारी चाचणी. त्या धड्यावरचे सगळे प्रश्न कोरे. थोडं आठवलं, थोडं विसरलं, असं नव्हे. आपण हा धडा केला होता हेच तिला पटेना. मी वही उघडून दाखवली. तिचंच अक्षर, समासात तिनेच हिरव्या पेनने काढलेली चांदणी. ती वहीकडे बघायची आणि माझ्याकडे बघायची. मग आम्ही एका मोठ्या रुग्णालयात गेलो. तिथे पंधरा शब्दांची यादी पाच वेळा वाचून दाखवली आणि अर्ध्या तासाने विचारली. तिने बारा सांगितले. रिपोर्ट नॉर्मल. ‘मुलगी हुशार आहे हो, अभ्यासाचा कंटाळा करते,’ असं तिच्यासमोर मला ऐकवलं. परतताना रिक्षात ती एक शब्द बोलली नाही. आठवड्याने मी सहज विचारलं, त्या यादीतलं काय काय होतं गं? तिला दोन आठवले.

हे फक्त माझ्या मुलीपुरतं असतं तर मी गप्प बसले असते. पण अर्ध्या तासाला ठाकठीक आणि मग काही दिवसांत-आठवड्यांत भराभर ओसरत जाणारी आठवण, हे मिरगीच्या रुग्णांत वेगळं टिपलं गेलंय, मुलांतसुद्धा. ब्रिटनचे मेंदूतज्ज्ञ ॲडम झेमन यांनी तर मिरगीचा असा एक प्रकार अभ्यासला की ज्यात झटका म्हणजेच विसर. मध्यम किंवा उतारवयाचा माणूस सकाळी उठतो आणि तास-अर्धा तास तेच तेच विचारत राहतो, ‘आज वार कोणता? आपण कुठे चाललोय?’ हातपाय झाडणं नाही, पडणं नाही. घरच्यांना वाटतं बुद्धिभ्रंश सुरू झाला. गोळ्या दिल्या की हे झटके बहुधा थांबतात. पण त्यांतल्या कित्येकांना मागच्या आयुष्यातले तुकडेही सापडत नाहीत. सहलीचे फोटो समोर धरले तर दुसऱ्याच्या सहलीचे वाटतात.

साशंक : मुलीचं ऐकून वाईट वाटलं, आणि रुग्णालयात जे बोलले ते तिच्यासमोर बोलायला नको होतं. पण तुमच्या पुराव्याला मी तरी सोडणार नाही. तिच्या वर्गातल्या आणखी दहाजणींना तुम्ही आठवड्याने तेच शब्द विचारले होतेत का? त्यांना किती आठवले असते? तुम्ही आई आहात, तुमचा प्रश्नही काळजीत भिजलेला असणार. तिने तुमचा चेहरा बघितला असेल आणि दोनावरच थांबली असेल.

दुसरं. रुग्ण ‘मला आठवत नाही’ हे किती कळवळून सांगतो, याचा चाचणीच्या आकड्यांशी फारसा मेळ बसत नाही. मनःस्थितीशी मात्र बसतो, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलंय. माझंच सांगतो. वडील गेले त्या वर्षी मी तीनदा दूध उतू घालवलं, विजेचं बिल दोनदा भरलं आणि फोनवर बोलता बोलता कोणाशी बोलतोय ते विसरलो. मीही मिरगीच्याच खात्यावर मांडलं. डॉक्टरांनी फिटचं औषध तसंच ठेवलं आणि उदासपणाचा इलाज केला. पाच-सहा महिन्यांत दूध उतू जायचं थांबलं.

आग्रही : दहाजणींना विचारलं नाही. हे माझं चुकलं असं म्हणा, नाही तर हे रुग्णालयाचं काम होतं असं म्हणा. मी दुसरं म्हणेन. आणि तुमचं जे संशोधन आहे ना, ते उलटंही वाचता येतं. चाचणी मोजते अर्धा तास. माणूस रडतोय तो मागच्या महिन्यासाठी. मग दोघांचा मेळ बसणार कसा? फूटपट्टीने ताप मोजायचा आणि आकडा आला नाही की ताप नाही म्हणायचं, असा तो प्रकार आहे. उदासपण म्हणाल तर ते बाहेरून आलेलं पाहुणं कशावरून? ज्या भागात आठवण लावून ठेवली जाते, त्याच्या शेजारीपाजारीच भीती, दुःख यांचंही घर आहे. एकाच आगीने दोन्ही भिंती काळ्या होत असतील. शिवाय रोज काही ना काही हरवत गेलेला माणूस आनंदात राहील, ही अपेक्षा तरी कुठली?

साशंक : बरं, मग तिसरा आरोपी आणतो. गोळ्या. फेनोबार्बिटोन १९१२ पासून वापरात आहे, फेनिटॉइन १९३८ पासून. स्वस्त आहेत, सरकारी दवाखान्यात मिळतात, लाखो लोकांना त्यांनीच उभं ठेवलंय. पण पहिलीने डोकं जड होतं, हे ती घेणारा कुणीही सांगेल. मला मधे टोपिरामेट सुरू केली होती. फिट्स आटोक्यात आल्या, आणि शब्द गेले. एका सकाळी ओट्यापाशी उभा राहून बायकोला म्हणालो, ‘ते दे ना... चहाचं ते... जाळीचं, ज्यातून आपण...’ हाताने खूण करतोय, वस्तू डोळ्यांपुढे दिसतेय, नाव येत नाही. मुलगा हसला आणि मग हसायचा थांबला. डोस कमी केला, तीन आठवड्यांत ‘गाळणी’ परत आली. सांगा, हा विसर कुणाच्या नावावर? आजाराच्या? मग आजार तोच असताना शब्द परत कसा आला?

आग्रही : गाळणी परत आली. भूगोलाचा धडा परत आला नाही. मला वाटतं, आपण इतका वेळ एकाच शब्दाने दोन-तीन वेगळ्या गोष्टींना हाका मारतोय. तुमचा शब्द घरातच होता, फक्त दार अडकलं होतं. उदासपणात माणसाचं लक्षच नसतं, म्हणून दूध उतू जातं. ते कपाटात ठेवलंच गेलं नाही. आणि माझ्या मुलीचं ठेवलं गेलं होतं, मी डोळ्यांनी पाहिलं, आणि मग कपाटातून गेलं. तिन्हींना आपण ‘विसरलो’ म्हणतो. मराठीत आपल्याकडे भाताच्या प्रत्येक अवस्थेला वेगळं नाव आहे, साळ, तांदूळ, कणी, भात. विसराला मात्र एकच.

पण गोळ्यांबद्दल एक बोलू द्या, कारण हे ऐकून कुणीतरी उद्या स्ट्रिप फेकून देईल. गोळी एकाएकी बंद केली की फिटमागून फिट येऊ शकते, थांबतच नाही अशी. तशी एक लांबलेली फिट या दप्तरखान्याचं मोठं नुकसान करू शकते. डोस बदलायचा तो डॉक्टरांशी बोलून.

साशंक : फेकत नाही हो. मी विसरतो. हसू नका. रात्रीची गोळी घेतली की नाही हे आठवत नाही, ही माझी रोजची परीक्षा आहे. म्हणून मी स्ट्रिपच्या पाठीवर, त्या चंदेरी कागदावर बॉलपेनने वार लिहितो. सो, मं, बु. गेल्या महिन्यात मंगळवारी रात्री साडेअकराला बघतो तर मंगळवारचा फुगा फोडलेला, गोळी नाही. म्हणजे घेतली. पण मग ओट्यावर, मिठाच्या बरणीशेजारी एक पांढरी गोळी पडलेली. ती मंगळवारची, की सोमवारी घ्यायची राहिलेली? घेतली तर दुप्पट होईल आणि सकाळी डोळ्यांपुढे दोन-दोन दिसतील. नाही घेतली तर कदाचित फिट. पंधरा मिनिटं मी ती गोळी तळहातावर घेऊन उभा होतो. शेवटी घेतली नाही. जे औषध लक्षात ठेवून घ्यावं लागतं ते नेमकं लक्षात न राहणाऱ्याच्या हातात दिलेलं असतं, यात मला कधी कधी विनोद दिसतो.

आग्रही : आणि तरी तुम्ही म्हणता, विसरत कोण नाही!

साशंक : तरी म्हणतो. कारण कबूल केल्याची किंमत तुम्हाला दिसत नाही. गाडीच्या लायसन्सच्या फॉर्ममध्ये आजही अपस्माराचा प्रश्न विचारतात. हिंदू विवाह कायद्यातून ‘वारंवार येणारी मिरगी’ ही अट निघायला १९९९ साल उजाडलं; माझं लग्न ठरत होतं तेव्हा ती कायद्यात होती. ‘मला फिट येते’ हे ऑफिसात सांगायला मला अकरा वर्षं लागली. सांगितलं तेव्हा साहेब चांगला निघाला, फक्त बाहेरगावची कामं बंद केली. आता तुमच्या सांगण्यावरून ‘साहेब, मला आठवतही नाही’ हेही जोडू? मग हिशेबात कुणाचीही चूक निघो, बोट माझ्याकडे. आजार चोरून ठेवू नये, हे व्यासपीठावरून म्हणणं सोपं आहे. ज्याच्या हातात दर महिन्याच्या वह्या असतात त्याने म्हणून बघावं.

आग्रही : ऑफिसात सांगा असं मी म्हणतच नाही. डॉक्टरांना सांगा म्हणते. कारण काही निर्णय विसर मोजल्याशिवाय घेताच येत नाहीत. गोळ्यांनी भागत नाही अशांसाठी शस्त्रक्रिया आहे. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत १९९५ पासून ती होते, आता मुंबईतही होते. कॅनडात ८० रुग्णांवर एक रीतसर तुलना झाली, २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. कानशिलाकडच्या भागाची शस्त्रक्रिया ठरवलेल्या गटात वर्षभराने ५८ टक्के लोकांच्या भान घालवणाऱ्या फिट्स थांबलेल्या, नुसत्या गोळ्यांच्या गटात ८ टक्के. मोलेसननंतर दोन्ही बाजू कुणी काढत नाही. एकच काढतात, आणि तीही दुसरी बाजू भार पेलेल का हे तपासून. पूर्वी त्यासाठी वाडा चाचणी सर्रास करत : मानेतल्या रक्तवाहिनीतून औषध सोडून अर्धा मेंदू काही मिनिटं झोपवायचा आणि जाग्या अर्ध्याला चित्रं दाखवून मग विचारायचं, काय काय पाहिलंस? एवढं करूनही डावी बाजू काढलेल्या पुष्कळांची शब्दांची आठवण आणखी उतरते. ज्याची आधी चांगली असते त्याला गमवायलाही जास्त असतं. फिट्स थांबतील पण नावं जातील, असा सौदा समोर आला तर कीर्तनकाराचं उत्तर वेगळं असेल आणि गवंड्याचं वेगळं. मुळात आठवण कधी तपासलीच नसेल तर सौदा कशाच्या आधारावर करायचा?

साशंक : सौदा शब्द आवडला. पण तपासणार कशाने? तुमच्या त्या पंधरा शब्दांनी? माझी मावशी शाळेत गेली नव्हती. कुठल्या म्हशीने कितव्या वेताला किती दूध दिलं आणि गावातली कोण कुणाच्या घरून आली, हे तिला साठ वर्षांचं पाठ होतं. तिला खुर्चीवर बसवून, घड्याळ लावून, एकमेकांशी संबंध नसलेले पंधरा शब्द सांगितले असते तर ती म्हणाली असती, ‘हे कशापायी?’ आणि सहा सांगून उठली असती. तिला स्मृतिदोष आहे असा शिक्का बसला असता.

आग्रही : बसला असता, आणि माझ्या मुलीला तो बसायला हवा होता तिथे बसला नाही. चाचणी दोन्हीकडे चुकते. यात तुमचं-माझं एकमत आहे, फक्त त्यावरून तुम्ही म्हणता मोजू नका आणि मी म्हणते नीट मोजा. एक विचारू? तुम्हाला आपला विसर कसा कळतो?

साशंक : म्हणजे?

आग्रही : फिट तुम्ही एकही पाहिली नाही, म्हणालात. वॉचमनने सांगितली, वहिनींनी सांगितली. विसराचंही तसंच नाही का? पूर्ण गेलेल्या गोष्टीची जागा रिकामी दिसत नाही. माझ्या मुलीला धडा गेल्याचं दुःख नव्हतंच. वही समोर आली तेव्हा झालं. मग ‘मी इतरांएवढाच विसरतो’ हे तुम्ही कुणाच्या साक्षीवर म्हणता?

साशंक : ...गणपतीपुळे.

आग्रही : काय?

साशंक : २०११ साली आम्ही गणपतीपुळ्याला गेलो होतो. म्हणजे गेलो होतो असं म्हणतात. फोटो आहेत. मी आहे त्यात, हातात शहाळं आहे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, मुलगा खांद्यावर. बायको दर वर्षी कधीतरी तो अल्बम काढते. ‘तो नारळवाला आठवतो? त्याने पैसेच घेतले नाहीत.’ मी म्हणतो, हो, आठवतो ना. मला नारळवाला आठवत नाही. समुद्र आठवत नाही. मुलगा किती जड होता ते आठवत नाही. त्या वर्षी तीनच फिट्स आल्या होत्या, एकही तिकडे नाही. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. तिचा हिरमोड होईल म्हणून नव्हे. सांगितलं की ते लगेच ‘त्यामुळे’ होईल म्हणून. आणि खरं सांगू, आताही मी ते फिटच्या नावावर मांडायला तयार नाही. त्या काळात डोस वाढवलेला होता. घराचं कर्ज होतं, झोप नव्हती. यातलं कशामुळे गेलं, हे तुम्ही सांगू शकत नाही, मीही नाही. तुमचा तो झेमन समोर बसला तरी त्याला हिस्से पाडून देता येणार नाहीत.

आग्रही : नाही पाडता येणार. मला ते आधी पटत नव्हतं, आता पटतंय. माझ्या मुलीच्या बाबतीतही मी आजारावरच अडून बसले होते. तिच्या त्या वर्षीच्या गोळ्या, तिची अपुरी झोप, रिक्षातला तो अबोला, हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. पण वाटे पडत नाहीत म्हणून वस्तू गेलीच नाही असं होत नाही. नारळवाला गेला आहे.

साशंक : गेला आहे. गुरुवारी माझी तारीख आहे. गोळीचं सांगीन, ती मिठाच्या बरणीजवळची. आणि नारळवाल्याचं सांगीन. डॉक्टरांना, ऑफिसात नाही.

आग्रही : वहिनींना बरोबर न्या. आणि डॉक्टरांनी पंधरा शब्द विचारले तर म्हणा, पुढच्या गुरुवारी फोन करून पुन्हा विचारा.